गाडीची प्रतवारी

माझे बाबा कापसाचे ग्रेडर होते. आधी हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात आणि नंतर सरकारी खरेदीत. दिवाळीनंतर खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची आणि प्रत्येक गाडीतल्या कापसाची प्रत कोणती, हे बाबा ठरवायचे. त्यांच्या शर्टाची उजवी बाही कायम कोपराच्या वर दुमडलेली असे, कारण गाडीच्या वरचा कापूस ते बघायचेच नाहीत. सरळ खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे आणि तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचे. वर पांढराशुभ्र कोरडा माल आणि खाली ओला, पिवळट, ही युक्ती त्यांनी हजार वेळा पाहिली होती. मुठीत दाबून ओल बघायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा आणि मग चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगायचा. चांगला असेल तर चांगला, वाईट असेल तर वाईट. शेतकऱ्याला बाजूला घेऊन कानात काही सांगितलं, तर रांगेतले लोक म्हणणार, ग्रेडरनं काहीतरी खाल्लं. म्हणून सगळं मोठ्यानं आणि सगळ्यांसमोर.

आयुष्यभर असं बोलून त्यांचा आवाजच तसा झाला होता. घरी पाहुणे जेवायला बसले की पहिल्या घासालाच ते जाहीर करत, ‘वरणात मीठ कमी आहे, फोडणी एक नंबर.’ आई स्वयंपाकघरातून पळी आपटायची. बाबांना कळायचं नाही की हिला राग कशाचा आला, फोडणीला तर आपण एक नंबर म्हणालो.

मी दीड वर्षाची असताना माझा डावा पाय पोलिओनं गेला. गेला म्हणजे आहे, पण नुसता सोबत असतो. त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि उजव्या काखेत एक कुबडी, अशी मी चालते. पायाचं मला लहानपणापासून काही वाटलं नाही. वाटायचं ते लोकांच्या बोलण्याचं, आणि लोकांत माझे बाबाही आले.

मी बी.ए. झाल्यावर एक स्थळ आलं होतं. पाहुणे ओसरीवर टेकतात न टेकतात, अजून पाणीसुद्धा दिलेलं नाही, तोच आतल्या खोलीत मला बाबांचा केंद्रावरचा आवाज ऐकू आला. “पोरीचा डावा पाय पोलिओचा आहे. पाय सोडला तर पोरीत काही खोट नाई.” मग पाहुण्यांतल्या एका बाईंनी मला बोलावलं आणि जरा चालून दाखव म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारापासून ओसरीपर्यंत चालून दाखवलं आणि परत गेले. त्यांनी पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाले आणि निघून गेले.

स्थळ गेल्याचं मला एवढंसंही दुःख झालं नाही, मुलगा बावळट दिसत होता. पण बाबांशी मी दोन महिने बोलले नाही. ते आईला विचारायचे, ‘मी काय खोटं सांगू काय?’ त्यांचं खरंच होतं, त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण माझ्याबद्दलचा निकाल, मी ऐकत असताना, त्या आवाजात, गाडी पुढे घ्या म्हणतात त्या सुरात दिलेला, मला सहन झाला नाही. हे मी त्यांना कधी समजावून सांगितलं नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण ती गोष्ट आमच्यात तशीच पडून राहिली.

मग मी बी.एड. केलं, आणि ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा समुद्रपूरच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. बाबा तोवर निवृत्त झाले होते. ते मला सकाळी बसस्टँडवर घेऊन गेले. बसची पहिली पायरी माझ्या कमरेच्या जरा खाली येते. एरवी मी कुबडी आधी वर ठेवते, दांडा धरते आणि मग स्वतःला ओढून घेते. त्या दिवशी गर्दी इतकी होती की मागच्या लोकांनी मला उचलूनच आत लोटलं. त्यांनी मदतच केली म्हणायची. पण कुबडी खाली पडली आणि बस सुटली. मागच्या काचेतून मला बाबा दिसले. कुबडी हातात उंच धरून ते बसच्या मागे धावत होते, धोतराचा सोगा सुटलेला.

मुलाखत मी भिंतीला टेकून उभी राहून दिली. मराठीचा एक धडा शिकवून दाखवायचा होता, तो फळ्याच्या कडेला धरून शिकवला. बाबा पुढच्या बसनं कुबडी घेऊन पोहोचले तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसून त्यांची वाट बघत होते. मुख्याध्यापक नेमणुकीचं पत्र घेऊन बाहेर आले आणि म्हणाले की शाळा उघडायच्या दिवशी हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल.

त्याला सतरा दिवस होते. रोज जाऊन-येऊन बस मला झेपणार नव्हती, हे त्या सकाळी दोघांनाही दिसलं होतं. समुद्रपूरला खोली घेऊन राहायचं म्हटलं, तर पाणी विहिरीचं, संडास परसाच्या टोकाला, आणि आई म्हणे मी जिवंत असेपर्यंत नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती, आईच्या नावावर ती खपली एवढंच. गाडी हा एकच उपाय उरला. नवी घेण्याची ऐपत नव्हती. पण त्या काळात नव्या पद्धतीच्या छोट्या गाड्या येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मागचा दरवाजा आख्खा वर उघडणाऱ्या, चार माणसं जेमतेम मावतील अशा. त्यातली एखादी वापरलेली, परवडेल अशी मिळाली तर बाबा मला रोज सोडतील आणि आणतील. जिनिंगच्या ट्रक-ड्रायव्हरकडून ते कधीकाळी गाडी शिकले होते.

गाड्या बघायला मला सोबत नेण्यावरून घरात वाद झाला. आईचं म्हणणं, उन्हातान्हात पोरीला कशाला. बाबा म्हणाले, बसायचं तिले आहे. त्यावर आईनं एकच अट घातली, “तुमी तिथं तोंड उघडू नका. खोटही सांगू नका अन् गुणही सांगू नका. मुकाट्यानं पाहा अन् घरी येऊन बोला.” बाबांनी मान हलवली.

पहिली गाडी हिंगणघाटातच, एका कापडवाल्याची. लाल रंग, मेणानं घासून चकचकीत केलेली, सीटला मखमली कव्हर. बाबांनी वरून ती पाहिलीच नाही. बाही दुमडलेली होतीच, मागच्या सीटच्या फटीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि खाली चाचपडत राहिले. हात बाहेर आला तेव्हा त्यात शेंगदाण्याची टरफलं, एक केसांची पिन आणि मूठभर ओलसर काथ्या होता. त्यांनी तो मुठीत दाबला, नाकाशी धरला, आणि आईची अट दहा मिनिटंसुद्धा टिकली नाही. गाडी पाण्यात बुडालेली आहे, पुरात नाहीतर नाल्यात, असं त्यांनी दुकानाबाहेरच्या गिऱ्हाइकांसकट सगळ्यांना सांगितलं. कापडवाल्याचा चेहरा गाडीसारखा लाल झाला. आम्ही रिक्षानं घरी आलो.

दुसऱ्या गाडीजवळ गेल्या गेल्या बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि काढला. इंजिन आधीच गरम होतं. शेतकरी वरचा थर उन्हात वाळवून आणतात, तसं मालकानं आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली, म्हणजे थंड असताना ही सुरू होत नसणार. तरी त्यांनी खिशातून रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोळा काढला. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात रुई असायचीच, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतो तशी. गाडी चालू करायला लावून तो बोळा त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, उजेडात नेला. बोळा काळा आणि तेलकट झाला होता. “तेल खाते,” बाबांनी जाहीर केलं. ही प्रतवारी मी त्यांच्याशिवाय कोणाला करताना पाहिलेली नाही. पुढे एका मिस्त्रीनं सांगितलं की त्यात तथ्य आहे.

आता पाच दिवस उरले होते. मला रात्री झोप लागत नव्हती आणि दिवसा मी आईवर चिडत होते. नेमणुकीचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की त्याच्या घडीवर ते फाटायला आलं. मनात म्हणायची, अशा नजरेनं तपासत बसलं तर जगात एकही गाडी पास व्हायची नाही. आणि लगेच दुसरा विचार यायचा की हीच नजर घेऊन पाहुणे आमच्या ओसरीवर आले होते.

तिसरी गाडी सेलूला होती. ओळखीची एक जीप तिकडे जाणार होती, तिच्यातून गेलो. गाडीचे मालक गुरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पांढऱ्या रंगाची गाडी कडुलिंबाखाली उभी होती, टपावर चिमण्यांची शिट, चाकांना वाळलेला चिखल. ती आमच्यासाठी कोणी धुतलेली नव्हती, हे बघून बाबा खूश झाले. विकायचं कारण डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकाचं ऑपरेशन झालं होतं. गेल्या महिन्यात फाटकाच्या खांबाला वासरू समजून त्यांनी ब्रेक मारला, आणि दुसऱ्याच दिवशी वासराला खांब समजून चालले होते. बायकोनं किल्ली काढून घेतली.

मी पुढच्या सीटवर बसायला गेले. बसच्या उलट इथे सगळं खाली होतं. आधी पाठमोरी होऊन बसायचं, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घ्यायचा. पण सीट पुढे होती, कॅलिपर दाराच्या कडेला अडला. डॉक्टर बघत होते. त्यांनी सीटखालचा खटका ओढून सीट मागे सरकवली आणि पाय कधी गेला म्हणून विचारलं. दीड वर्षाची होते, मी म्हटलं. मांडीत ताकद आहे का, त्यांनी विचारलं. थोडी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग जमते. तेवढंच. आजवर भेटलेल्या माणसांच्या डॉक्टरांपैकी एकानंही माझी इतकी सरळ चौकशी केली नव्हती. पाय आत आला. कुबडी सीटच्या आणि दाराच्या मधल्या जागेत उभी बसली. मी दार ओढून घेतलं, आणि कोणाचाही हात न लागता मी एका गाडीत बसलेले होते. मला ती गाडी हवी झाली.

बाबांची तपासणी तासभर चालली. सतरंजी अंथरून ते गाडीखाली निजले. पायाखालचं रबर उचलून पत्र्यावर नख ओढलं. सीटच्या फटीतून इंजेक्शनची एक जुनी सुई आणि बरीच गव्हाची भूस निघाली, पण कोरडी. तेलाची पट्टी काढून तेल बोटांत चोळलं. थंड इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. रुईचा बोळा निव्वळ राखाडी निघाला, आणि तो बघताना बाबांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी केंद्रावरसुद्धा क्वचित पाहिला होता.

डॉक्टरांच्या पत्नीनं चहा आणला. चहा संपेपर्यंत बाबा गप्प राहिले. मी देवाला विनवत होते की यांना आणखी पाच मिनिटं असंच ठेव. कप खाली ठेवला आणि केंद्रावरचा आवाज सुरू झाला. मागचे दोन्ही टायर गेले आहेत. खालचा पत्रा एका जागी सडला आहे. सीटला गुरांच्या औषधाचा वास आहे आणि तो जन्मात जाणार नाही. इथवर ठीक होतं, डॉक्टर मान हलवत होते. पण बाबांना गुण लपवणंही पाप वाटायचं. “इंजिन एक नंबर आहे. असं इंजिन या भागात दुसरं नाई. तुम्ही किंमत कमी सांगून राह्यले.”

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर इतके हसले की त्यांना डोळ्यांवरचा काळा चष्मा काढावा लागला. बायकोला हाक मारून त्यांनी सांगितलं की असं गिऱ्हाईक पाहून घे. मग म्हणाले, एकदा चालवून पाहा आणि मग काय ते ठरवा.

बाबा चालवायला बसले, मी शेजारी, डॉक्टर मागे. नागपूरच्या रस्त्याला लागल्यावर पुढे सरळ पट्टा आला, दोन्ही बाजूंना बाभळी आणि मोकळी नांगरलेली शेतं. तिथे बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून बोटभर उचलले. गाडी सरळ जायची ती हळूहळू, न बोलता, डावीकडे सरकायला लागली. रस्त्याची कड चाकाखाली आली तेव्हा बाबांनी तिला परत मध्ये घेतलं. पुढे एकदा पुन्हा हात सैल सोडला. पुन्हा डावीकडे.

मी वाट बघत होते. आता आवाज येणार, गाडी डावीकडं ओढते, आणि गाडी नापास. बाबांनी तोंड उघडल्यासारखं केलं. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही डॉक्टरांच्या दारात परत आलो.

मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. सीटखालची ओल हातानं ओळखणारा माणूस, आणि इतकी मोठी खोट त्याच्या हातून निसटली. बाबा म्हातारे झाले, असं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं. सांगायला हवं होतं. पण मी सांगितलं असतं तर ते त्याच क्षणी नाही म्हणाले असते, आणि पाच दिवसांत चौथी गाडी कुठून येणार होती? त्यांच्या चुकीच्या आडोशाला बसून मी गप्प राहिले. गाडी ठरली. डॉक्टर म्हणाले घेऊन जा, कागदपत्रं मागून करू. हिंगणघाटपर्यंत बाबा गुणगुणत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत माझी चोरी लपवत होते.

घरी आईनं विचारलं की तिथं किती बोललात. बाबा म्हणाले, फार नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इंजिनाबद्दल बोलले.

ते पाच दिवस मला जेवण गोड लागलं नाही. गाडी दारात उभी, आई तिच्यावर हळद-कुंकू वाहतेय, शेजारी येऊन मागचा दरवाजा वर-खाली करून बघताहेत, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो सरळ रस्ता. शेवटी शाळा उघडायचा दिवस आला. सकाळी मी नवी साडी नेसून, माझी मी, कोणाचाही हात न धरता गाडीत बसले. बाबांनी त्या दिवशी दाढी केली होती आणि बाही खाली सोडून बटण लावलं होतं. वणा नदीचा पूल गेला, गाव मागे पडलं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगवणार नाही, असं वाटून मी म्हणाले, “बाबा, हे गाडी डावीकडं ओढते.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

केव्हापासून, मी विचारलं. सेलूपासूनच, ते म्हणाले. परवा मिस्त्रीकडे नेली होती, त्यानं बरीच आणली ताळ्यावर, थोडी राहीन म्हणे. रस्त्यावर नजर ठेवून ते हे सगळं सांगत होते, आणि आवाज त्यांचा नव्हता. हळू होता, गाडीतल्या दोघांनाच ऐकू येईल इतका.

“मंग तिथं बोलले काऊन नाई? टायरचं बोलले, वासाचं बोलले.”

समोरून एक बैलगाडी आली, बाबांनी गाडी कडेला घेऊन तिला जाऊ दिलं.

“तू बाजूले बसली होती,” बाबा म्हणाले.

मी पदरानं डोळे पुसले, पहिल्या दिवशी लाल डोळ्यांनी वर्गात कशी जाऊ म्हणून पुन्हा पुसले. समुद्रपूर येईपर्यंत बाबांनी स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून ठेवलं होतं.